अडचणीचा तास

सिंधुबाईच्या तोंडाला लागू नये, असं आमच्या गल्लीत माझ्याबद्दल मत आहे. मत बरोबर आहे. वरच्या मजल्यावर क्लासच्या पोरी ठेवायच्या, त्यांना दोन वेळचं जेवू घालायचं, म्हणजे तोंड चालवावंच लागतं. टँकरवाल्याशी चालवावं लागतं, गॅसवाल्याशी चालवावं लागतं, आणि हातात पुस्तक धरून गच्चीवर आमच्याच दिशेनं अभ्यास करणाऱ्या समोरच्या होस्टेलमधल्या पोरांशी तर रोजच. आमचे मालक व्यंकटराव एसटीच्या वर्कशॉपात मेकॅनिक आहेत. दिवसभर इंजिनं ऐकल्यावर घरी बायकोचा आवाज शांत वाटतो, असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात आणि वर हसतात.

लातूरकडं साल आकड्यात सांगायची पद्धत नाही. कुणाचं पोर भूकंपाच्या वर्षी झालेलं असतं, कुणाचं घर पाण्याची रेल्वे आली त्या वर्षी बांधून झालेलं असतं. माझं लग्न भूकंपाच्या वर्षातलं, भूकंपाआधीच्या उन्हाळ्यातलं. आणि ही गोष्ट पाण्याची रेल्वे येऊन गेली त्याच्या पुढच्या वर्षाची. त्या वर्षी वरच्या पोरींमध्ये माझी सख्खी भाची होती, धाकटा भाऊ बजरंग याची मुलगी दीपमाला. बारावीला होती आणि डॉक्टर व्हायचं म्हणून नीटचा क्लास लावलेला होता.

दीपू म्हणजे नुसता धिंगाणा. क्लासच्या मल्लिकार्जुन सरांचा आवाज असा काढायची की पोरींचा घास हातात राहायचा. "मुलांनो, हे विचारणारच. आणि नाही विचारलं तरी, हे विचारणारच." अभ्यासातही पुढं. पहिल्या बाकावर बसायची ती हुशार म्हणून नव्हे, सरांच्या लकबी नीट दिसाव्यात म्हणून, असं तीच म्हणायची.

महिन्यातले तीन-चार दिवस मात्र ही पोरगी वेगळीच असायची. भिंतीकडं तोंड, गुडघे पोटाशी, ओठ पांढरे. पाणी प्यायली तरी उलटी. एकदा जिन्यात चक्कर येऊन पडली, तेव्हा वरच्या दोघींनी तिला उचलून आणलं. मी ओवा दिला, गूळ दिला, गरम पाण्याची पिशवी दिली. शेजारच्या शकिलाभाभीनं कलौंजीचा काढा आणून दिला. कशानं काही झालं नाही. चौथ्या-पाचव्या दिवशी दीपू उठायची, केस विंचरायची आणि परत मल्लिकार्जुन सर व्हायची.

आता आमच्या शब्दाबद्दल सांगते, कारण सगळा घोटाळा त्या शब्दाचाच आहे. आमच्याकडं पाळीला पाळी म्हणत नाहीत. अडचण म्हणतात. "अडचण आलीया", "ती अडचणीत हाय". हा शब्द बाप्यांसमोर चालतो, देवाच्या दारात चालतो, लग्नाच्या मांडवातही चालतो. म्हणणारीला लाज नाही आणि ऐकणाऱ्याला डोक्याला ताप नाही, असा सोयीचा शब्द.

पण मल्लिकार्जुन सरांच्या क्लासमध्ये अडचण वेगळी. तिथं न सुटलेलं गणित म्हणजे अडचण. रोज संध्याकाळी चार नंबरच्या खोलीत अडचणीचा तास असायचा, आणि जिन्यातल्या भिंतीवर हातभर अक्षरांत रंगवून घेतलं होतं, "अडचण मनात ठेवू नका. लगेच सांगा."

तर एका मोठ्या चाचणीच्या दिवशी दीपूला पेपर सुरू असतानाच कळ आली. वाकत वाकत सरांपाशी गेली आणि हळूच म्हणाली, सर, मला अडचण आहे, घरी जाऊ का. सर खूश झाले. घरी कशाला, चार नंबरला जा, म्हणाले. ती म्हणाली, सर, मोठी अडचण आहे. तर म्हणाले, मोठी असेल तर आत्ताच जा, अडचण साठू देऊ नये. चार नंबरला मुरुडकडचे एक तरुण सर बसलेले, फिजिक्सचे. त्यांनी खडू उचलला आणि विचारलं, कुठल्या प्रकरणात? दीपूला उभंही राहवत नव्हतं. ती भिंतीला टेकून म्हणाली, सगळ्याच. त्या भल्या माणसानं पहिल्या प्रकरणापासून सुरुवात केली. पोरीनं गतीचे नियम ऐकले आणि बाहेर व्हरांड्यात जाऊन भडाभडा ओकली.

घरी येऊन, थोडी बरी झाल्यावर, ही गोष्ट तिनंच सगळ्यांना नकला करून सांगितली. पोरी हसून हसून लोळल्या. मीही हसले, पोळी तव्यावर करपेपर्यंत हसले. मग तिच्याकडं बघितलं, तर नकला करताना तिचा डावा हात पोटावरच होता, दाबून धरलेला. तेव्हा माझं डोकं फिरलं. कुणावर ते मला त्या वेळी कळलं नाही, पण फिरलं.

दोनच दिवसांत सरांनी परस्पर बजरंगला गावी फोन केला. मुलगी हुशार आहे, पण मोठी चाचणी आली की आजारी पडते, धास्ती घेते, थोडे दिवस घरी नेऊन बघा, असं सांगितलं. मला हे कळलं तशी मी पदर खोचून क्लासच्या ऑफिसात गेले. मल्लिकार्जुन सर माणूस वाईट नाहीत. जीवशास्त्र इतकं छान शिकवतात की लांबलांबची पोरं येतात. मी म्हटलं, सर, ती धास्तीनं आजारी पडत नाही, तिला पाळीत दुखतं. पाळी हा शब्द ऐकल्याबरोबर सर वरच्या पंख्याकडं बघायला लागले. ही वैयक्तिक बाब आहे, म्हणाले. मी म्हटलं, अहो, गर्भाशय, अंडाशय, सगळं तुम्ही रंगीत खडूंनी फळ्यावर काढता, दीपूनं मला वही दाखवलीय. त्यावर ते पंख्याकडं बघतच म्हणाले, "ते अभ्यासक्रमात आहे."

मीही एकदा त्या पंख्याकडं बघून घेतलं. पण सरांनाही आपलंच बोलणं कानाला लागलं असावं. खाली बघून म्हणाले, राहिलेली चाचणी तिची वेगळी घेतो, तशी सोय करतो. माझं काम झालं होतं. फक्त गावाकडं गेलेला फोन काही परत येणार नव्हता.

बजरंग आणि प्रयाग, म्हणजे माझी भावजय, दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं आलेच. बजरंगानं चहा घेतला, बशी खाली ठेवली आणि सांगून टाकलं की पोरीला घेऊन जातो. शिक्षण बास झालं. वैशाखात अठरा पुरी होतात, धर्माबादकडचं स्थळ आलंय, मुलाचं मिरचीच्या आडतीचं दुकान आहे, मध्यस्थ धोंडप्पा परवा त्यांना पोरगी बघायला घेऊन येणार. दीपू जिन्याच्या तोंडाशी उभी होती. तिनं वर जाऊन दार लावून घेतलं.

मी बजरंगाला सोडून आधी प्रयागला स्वयंपाकघरात धरलं. तिला विचारलं की तुला तरी काही कळतंय का. तालुक्याच्या डॉक्टरकडं तूच नेलं होतंस ना, काय झालं तिथं? तिथं झालं होतं ते असं. डॉक्टरनं काय होतंय विचारलं, प्रयाग म्हणाली अडचणीत जरा दुखतंय. डॉक्टरनं दीपूकडं न बघता गोळी लिहिली आणि लग्न झालं की थांबतंय असं सांगितलं. दुखणं पोरीचं, बोलली आई, आणि ऐकलं कागदानं.

मी चिडून बोलत सुटले तशी प्रयाग कणीक मळता मळता रडायला लागली. तिची थोरली बहीण सव्वीस वर्षांची होती तेव्हा पोटात दुखतं म्हणून तिची गर्भाची पिशवी काढली. त्यांच्या गल्लीत अशा आणखी दोघी-तिघी. आमच्याकडं बाईच्या पोटदुखीचा शेवट पिशवी काढण्यातच होतो, असं तिनं लहानपणापासून बघितलेलं. "डॉक्टरास्नी लई दुखतंय म्हणलं की पिशवी काढत्यात, अक्का," ती म्हणाली. "म्हणून मी जरा म्हणलं. त्याच्या आत लगीन व्हावं, एक लेकरू व्हावं. मग काय काढायचं ते काढंनात का."

मी तिच्यासाठी मनात साठवून ठेवलेलं सगळं भांडण तिथंच संपलं. मला वाटत होतं ही माणसं दगड आहेत. ती तर जीव घेऊन पळत होती, आणि लेकीला ओढत होती. राग तसाच होता, पण तो आता ठेवायचा कुठं हे समजेना.

बाहेर येऊन मी बजरंगसमोर बसले. तो म्हणत होता, बायामाणसाला हे असतंच, पोरगी नाजूक आहे, सवय होईल. हा सवय शब्द त्यानं उच्चारला आणि माझ्या तोंडून ते निघालं, जे आम्ही भावंडं एकमेकांत कधी काढत नाही.

"बजरंग, भूकंपाच्या आधी वर्षभर आपल्या घरात रात्री भांडी वाजायची. तुला याद हाय का?"

त्यानं वर बघितलं.

"आबा काय म्हणायचे? जमीन जरा हालती, सवय होतंय माणसाला. आपल्याला झाली बी सवय. भांडी वाजली तर आपण कूस बदलून झोपत होतो."

आमचं गाव किल्लारीच्या पट्ट्यातलं. आमचे वडील, आबा, त्याच घराच्या दगडाखाली गेले. माझं लग्न झालं होतं म्हणून मी नव्हते, बजरंग सोळा वर्षांचा होता आणि त्यानंच त्यांना बाहेर काढलं. हे बोलणं क्रूर होतं. पण माझ्या भावाला मी ओळखते, त्याला दुसरं काही ऐकू गेलं नसतं. त्यानं बशी उचलली आणि परत खाली ठेवली.

याच वेळी शकिलाभाभी शिवलेला ब्लाउज द्यायला म्हणून आत आल्या. आमच्या दोन घरांत एकच भिंत आहे, त्यामुळं ब्लाउज हे निमित्त होतं. त्यांच्या बहिणीची मुलगी तूबा नांदेडला बायकांची डॉक्टर होती. तिचा निकाल लागला तेव्हा शकिलाभाभीचे मालक हनीफभाईंनी गल्लीभर पेढे वाटले होते. "नांदेडला जाऊन या बावा," भाभी बजरंगला म्हणाल्या. "तूबा कापत बसणारी नाही. ऐकून घेणारी आहे." प्रयाग दारातून हे ऐकत होती. बजरंग शेवटी म्हणाला, एकच डॉक्टर, अक्का. तिनं काही झालेलं नाही म्हटलं, तर पोरगी माझ्यासोबत. मी कबूल केलं. न करून सांगते कुणाला?

नांदेडची गाडी भरलेली होती. दीपूच्या अडचणीचे दिवस नुकतेच संपलेले, त्यामुळं ती खिडकीशी बसून कंडक्टरची नक्कल करत होती, पण हळू आवाजात, बाप मागच्या सीटवर आहे हे ध्यानात ठेवून. मी अहमदपूरपासून डॉक्टरला काय काय सांगायचं त्याची मनात उजळणी करत होते. लोहा येईपर्यंत माझं भाषण पाठ झालं.

तूबा डोक्यावरून ओढणी घेतलेली, बारीक चणीची, चष्म्यातली पोरगी. पोरगी म्हणते, पण टेबलामागं बसली की डॉक्टर. बजरंग रिवाजाप्रमाणं बाहेर बाकावर बसला. आम्ही तिघी आत. काय होतंय विचारल्यावर प्रयाग सवयीनं म्हणाली, अडचणीत जरा दुखतंय, बाई. मी लगेच तिला अडवून माझं पाठ केलेलं भाषण सुरू केलं, जरा कसलं, उलट्या, चक्कर, जिना, ओवा, कलौंजी, मल्लिकार्जुन सर, सगळं. तूबानं शांतपणे ऐकून घेतलं.

"आत्या, तुम्ही फार छान सांगता," ती म्हणाली. "पण पोट कुणाचं आहे?"

तूबा दीपूकडं वळली आणि म्हणाली, तू सांग, आणि एक कर, अडचण हा शब्द वापरू नकोस. मी पण लातूरचीच आहे, मल्लिकार्जुन सरांकडेच शिकले, अडचण म्हटलं की मला चार नंबरची खोली आठवते. दीपू एवढ्या जोरात हसली की बाहेर बजरंगाला ऐकू गेलं असणार. मग हसणं थांबलं आणि ती म्हणाली, दादाला आत बोलवा. बापाला ती दादा म्हणते.

प्रयाग दचकली. बापासमोर असलं कुठं बोलतात का, म्हणाली. दीपू म्हणाली, "तो बाहेर ऱ्हायला तर तू घरी जाऊन परत जरा म्हणशील, आई."

बजरंग आत आला. बसायला खुर्ची होती तरी बसला नाही. भिंतीवर बाळाचं चित्र असलेलं कॅलेंडर होतं, त्याच्याकडं तोंड करून उभा राहिला. आणि दीपूनं सांगायला सुरुवात केली. नकला नाहीत, हातवारे नाहीत. फळ्यावर उत्तर लिहावं तशी बोलत गेली. पाळी यायच्या दोन दिवस आधी दुखणं सुरू होतं, कमरेतून मांड्यांत उतरतं, लघवीलाही कळ येते. आता आता पाळी नसतानाही मधेच दुखतं.

"संडासला बसलं की आतून सुरीनं कापल्यावानी होतंय," ती म्हणाली. "म्हणून पाळी यायच्या आधीच मी जेवण बंद करते. पोटात काही नसलं की जावं लागत न्हाई. आत्याला वाटतंय चाचणी आली म्हणून जेवत न्हाई. चाचणीला मी भीत न्हाई, डॉक्टर. मला चाचणी आवडती."

माझ्या घरात, माझ्या हाताखाली, पोरगी उपाशी राहत होती आणि मी तिला आमटी जास्त वाढत होते. मला फार वाईट वाटलं. बजरंगची पाठ आमच्याकडं होती, तरी त्याची मान खाली गेलेली दिसली.

तूबानं बऱ्याच गोष्टी विचारल्या. घरात आणखी कुणाला असं होतं का, आईला, मावशीला? प्रयागनं बहिणीच्या पिशवीचं सांगितलं. का काढली, विचारल्यावर म्हणाली, पोटात दुखायचं म्हणून. आणि तुम्हाला? मला काय नाही बाई, मी ठीक हाय, असं प्रयाग म्हणाली आणि मांडीवरच्या पिशवीचे बंद आवळत बसली. तूबानं जास्त विचारलं नाही. मग पोटावरूनच सोनोग्राफी झाली आणि ती साफ आली. बजरंग पहिल्यांदा तोंड फिरवून बोलला. मग काहीच नाही म्हणायचं, असं त्यानं विचारलं. त्याच्या चेहऱ्यावर आनंदही होता आणि बॅग भरायची घाईही. सगळं इथंच संपतंय असं वाटलं.

"काका, सोनोग्राफीत दिसलं नाही म्हणून दुखत नाही असं होत नाही," तूबा म्हणाली. "ती सांगतेय ना दुखतंय. तोच पुरावा."

मग तिनं कागदावर काढून दाखवलं. गर्भपिशवीला आतून जसं अस्तर असतं, तसल्यासारखंच अस्तर काही जणींच्या पिशवीबाहेर, आतड्यापाशी, लघवीच्या पिशवीपाशी चिकटून वाढतं. पाळीच्या दिवसांत तेही सुजतं, म्हणून एवढं दुखतं. त्याला एंडोमेट्रिओसिस म्हणतात. दीपूला तोच आजार असावा असा संशय आहे. पक्कं सांगायचं तर पोटात दुर्बीण घालून बघावं लागेल, पण आज त्याची घाई नाही. आधी औषधं सुरू करू. दुखण्याची गोळी दुखून लोळायला लागल्यावर घ्यायची नाही, चाहूल लागली की घ्यायची, आणि पोटात चार घास घालून. शिवाय रोजची एक हार्मोनची गोळी. तीन महिन्यांनी परत या, फरक नाही पडला तर पुढचं ठरवू, आणि त्याआधी त्रास वाढला तर वाट बघत बसू नका. असं सगळं तिनं दीपूला सांगितलं. आम्ही तिघं नुसते ऐकणारे.

प्रयागनं पिशवीचं विचारलंच. तूबा म्हणाली, पिशवीला कुणीही हात लावणार नाही. प्रयागनं ते परत एकदा म्हणून घेतलं, मग डोळे पुसले. बजरंगानं खाकरून विचारलं, लग्न केलं तर थांबतंय म्हणतात ते? तूबानं चष्मा वर केला. लग्न हे औषध नाही काका, म्हणाली, मी ते लिहून देत नाही. लेकरंबाळं? तर म्हणाली, हा आजार असूनही पुष्कळ जणींना मुलं होतात, कुणाला वेळ लागला तर त्याचेही उपचार आहेत, पण ते पुढचं. दुखतंय आज.

बजरंग बाहेर पडला. औषधं त्यानंच घेतली, त्यानंच पिशवीत घातली. एसटी स्टँडवर येईपर्यंत हो नाही, नाही नाही. मी दोनदा तोंड उघडलं आणि दीपूनं दोनदा मला चिमटा काढला. स्टँडवर त्यानं अर्धापूरची केळी घेतली, आम्हाला एकेक दिलं, स्वतःचं हातात धरून उभा राहिला. लातूरची गाडी कुठं लागते हे त्यानं विचारलं नाही, आणि गावाकडची कुठं लागते हेही विचारलं नाही. दीपू बापाच्या तोंडाकडं बघत होती. तिच्या हातातलं केळ तसंच होतं.

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. धोंडप्पा होते. बजरंगचा आवाज शेतातला, या बांधावरून त्या बांधावर जाणारा. फोनवरही तो तसाच बोलतो, समोरच्याला फोनची गरज पडू नये इतका मोठ्यानं.

"न्हाई, उद्या नगा येऊ," तो म्हणाला. "पोरीला दवाखान्यात आणलंय नांदेडला. न्हाई, ताप न्हाई."

मग तो थांबला. धोंडप्पा पलीकडून विचारत असणार, काय झालंय. मला ठाऊक होतं, आता अंगावर उठलंय म्हणता येतं, खोकला म्हणता येतं, काहीही म्हणता येतं. स्थळ महिनाभर लांबतं आणि परत येतं. बजरंगनं दीपूकडं बघितलं.

"पाळीत लई दुखतंय तिला," तो म्हणाला. "हाव, पाळी. बाईमाणसाची पाळी. आजार हाय, औषध चालू केलंय. आन् ती शिकतीया, तिला शिकायचंय. तुम्ही त्यास्नी हेच सांगा. दुसरं काय सांगू नगा."

आख्खा फलाट आमच्याकडं बघायला लागला. गाडीची वाट बघणाऱ्या एका म्हातारीनं आपलं गाठोडं उचलून मांडीवर घेतलं आणि दीपूला हातानं खुणावलं, बस. दीपू बसली. बजरंगनं फोन खिशात टाकला आणि केळ सोलायला घेतलं, पण सालीचं देठच तुटेना. आता हे स्थळ परत येणार नव्हतं, आणि धर्माबादेपासून आमच्या गावापर्यंत ते का मोडलं हे सगळ्यांना कळणार होतं. आणि हे माझ्या भावानं, ज्यानं पाळी हा शब्द जन्मात तोंडातून काढला नव्हता त्यानं, भर स्टँडवर केलं होतं. मला रडू आलं. मी रडले.

लातूरची गाडी लागली. व्यंकटरावांच्या ओळखीचा ड्रायव्हर, तो हाक मारून म्हणाला, बाई, बसा, जागा आहे. मी पिशव्या गोळा केल्या. दीपू उठली. प्रयाग मात्र जागची हलली नाही.

"अक्का," ती म्हणाली, "ती डॉक्टरीनबाई किती वाजेपतूर बसती?"

मला वाटलं काही विसरलं. चिठ्ठी राहिली का, विचारलं.

"न्हाई," प्रयाग म्हणाली. "मला बी दाखवायचंय."

बजरंग केळ हातात घेऊन वळला. कधीपासून, असं मी विचारलं. ती सांगताना माझ्याकडं बघत नव्हती, दीपूकडं बघत होती.

"हिच्यायवढी व्हते, तवापासून."

बजरंगानं खाली ठेवलेली पिशवी उचलून खांद्याला लावली. ड्रायव्हरनं परत हाक मारली, तर मी हातानंच नाही म्हटलं. प्रयाग तोवर चालायला लागली होती, स्टँडच्या दारातून बाहेर, उजवीकडं. दीपू धावत गेली, आईचा हात धरला आणि तिला डावीकडं वळवलं.